टिल्डीच्या दोराची व्यवस्था

मी, अर्विन गुस्ताव हॅवरकॅम्प, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा शेती आणि खेचर सांभाळणे, राहणार ब्रॅनॉक गावाबाहेर नदीकाठच्या रस्त्याला, राज्य मिसुरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता आणि कोणाचा धाक न बाळगता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. शुद्धीचा दाखला सोबत असलेला बरा असे माझे वकील रूडी स्टालमन म्हणाले, म्हणून सोमवारी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी वार विचारला, तो सांगितला. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले, तसा अठ्ठावन्नपर्यंत खाली उतरलो. तिथे थांबून मीच त्यांना विचारले, अठ्ठावन्न साली नदीपलीकडच्या टॉलिव्हर कॉलेजच्या फुटबॉल संघाविरुद्ध आपण किती गुणांनी जिंकलो? त्यांना सांगता आले नाही. दाखला मात्र माझ्याच नावाचा जोडला आहे.

कलम १. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. तशी एकच आहे. माझा मुलगा ग्लेन टॉलिव्हरला गेला त्या वसंतात मी ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात ग्लेनच्या नावापुढे काहीच लिहिले नव्हते. माझी पत्नी लोरीन हिने ते वाचले. तिने ते फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवले, दूध काढताना मला दिसावे म्हणून. आठवड्याने मीच ते तिथून काढले. फाडल्याचे आठवत नाही, म्हणून येथे रद्द करतो.

कलम २. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वरील रूडी स्टालमन यांच्याकडे सोपवतो. रूडी आमच्या ब्रॅनॉक विद्यापीठाच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत डावीकडे उभा राहायचा. तो समोर आला की ऊन अडायचे, आणि आता खुर्चीत बसला की खुर्ची दिसत नाही. त्याने माझी देणी, असतील ती, भागवावीत आणि दफनाचा खर्च करावा. पेटी साधी असावी. चर्चमधले भाषण थोडक्यात आटपावे. शनिवार असेल तर दुपारच्या आत, कारण लोकांना सामन्याला जायचे असते आणि मेलेल्या माणसासाठी त्यांनी घड्याळाकडे बघत बसावे हे मला आवडणार नाही. रूडीला मी माझी गवती टोपी देतो. ती त्याला बसणार नाही. ठेवून द्यावी.

कलम ३. राहते घर, तबेला, धान्याची कोठारे आणि नदीकाठची सगळी जमीन माझी मुलगी मार्नी हिला द्यावी. ती आणि तिचा नवरा ही जमीन आधीच कसत आहेत, मी फक्त कुंपणापाशी उभा राहून चुका काढतो. बँकेत जे आहे तेही तिचेच. लोरीनचे बिडाचे मोठे भांडे, तिचे पोळपाट-लाटणे आणि रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचा तो भाजलेला गोड पदार्थ, करायची ताटली मार्नीने घ्यावी, पण या तीन वस्तू कपाटात ठेवायच्या नाहीत.

कारण असे. विद्यापीठाच्या मैदानाच्या उत्तर दरवाजाबाहेर अक्रोडाचे झाड आहे. घरच्या सामन्याच्या दिवशी त्या झाडाखाली आमचे टेबल लागते, ते माझ्या आईच्या काळापासून. सकाळी धुरावर डुकराचे मांस चढते, भांड्यात आंबवलेली कोबी रटरटते, आणि ज्याच्या अंगावर ब्रॅनॉकचा हिरवा रंग आहे त्याने न विचारता ताटली घ्यायची. जांभळे कपडे घालून आलेला टॉलिव्हरवालाही जेवतो, पण त्याने आधी टिल्डीपुढे, म्हणजे आमच्या संघाच्या खेचरापुढे, टोपी काढून "बाईसाहेब, परवानगी असावी" म्हणायचे. लोरीनने हा नियम एका जांभळ्या पाद्रीबाबांनाही लावला होता. त्यांनी टोपी काढली आणि तीनदा वाढून घेतले. लोरीन गेल्यापासून मार्नी टेबल लावते, तिच्या हातची कोबी थोडी आंबट होते, पण मी दोनदा घेतो. टेबल बंद पडू नये एवढेच सांगणे आहे.

मार्नीला एवढे सगळे दिले आणि खेचर दिले नाही, असे कोणी म्हणू नये. ती नऊ वर्षांची असताना तेव्हाच्या, म्हणजे तिसऱ्या, टिल्डीने तिच्या पायावर पाय ठेवला आणि काढायला घाई केली नाही. "घर घेते, शेत घेते, तुम्हालासुद्धा घेते बाबा," असे ती म्हणते, "पण ते खेचर नको." तिच्या पायाचा मान मी राखतो.

कलम ४. शेजारी लिरॉय मीक्स यास काही देत नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे रूडी म्हणतो. लिरॉय जन्मापासून टॉलिव्हरचा. आमच्या दोघांच्या कुंपणावर त्याच्या बाजूचे खांब त्याने जांभळे रंगवले आहेत, ते सूर्यास्ताच्या वेळी वाईट दिसत नाहीत हे मी जिवंतपणी कबूल केले नसते. माझे तार ताणायचे यंत्र त्याच्याकडे आहे. ते त्याने मार्नीला परत करावे.

कलम ५. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे नवे संचालक श्री. प्रेंटिस यांना मी तबेल्यातले लीद उचलायचे फावडे देतो, दांड्यासकट.

याचा खुलासा करणे भाग आहे. प्रेंटिस मोठ्या शहरातून आले आहेत, माणूस वाईट नाही, बूट मात्र चिखलाला भिणारे आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला कचेरीत बोलावले, कॉफी दिली आणि एक चित्र दाखवले. चित्रात मोठ्या डोक्याचे, दात विचकणारे, दोन पायांवर उभे असलेले खेचर होते. फोमचे. आत माणूस शिरणार म्हणे.

"हे मुलांशी हात मिळवू शकतं," ते म्हणाले. "फोटो काढू देतं. प्रवासाला विमानानं नेता येतं."

"आणि लीद टाकतं का?" मी विचारले.

ते हसले. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. मी कॉफी संपवली आणि उठलो.

ब्रॅनॉकच्या लोकांना सांगायची गरज नाही, पण कोर्टाच्या माहितीसाठी लिहितो: सामन्याआधी टिल्डीची मैदानाभोवती एक फेरी होते, आणि पाहुण्या संघाच्या बाकासमोर तिला उभे केले जाते. तिथे तिने लीद टाकली तर सामना आपला, असे सगळे मैदान धरून चालते. लोक श्वास रोखून तिच्या शेपटीकडे बघतात. शेपटी उचलली की जो आरडाओरडा होतो तसा कुठल्या टचडाउनलाही होत नाही. हे फोमला जमणार नाही.

कलम ६. आता टिल्डीबद्दल.

सध्याची टिल्डी पाचवी. खेचराला पिल्लू होत नाही, म्हणून दर वेळी नवी शोधावी लागते, आणि नाव जुनेच चालते. पहिली टिल्डी माझे आजोबा अर्न्स्ट हॅवरकॅम्प यांची नांगराची. एकोणीसशे सव्वीसच्या नोव्हेंबरात ब्रॅनॉकचा संघ दोन ट्रकमध्ये बसून नदीपलीकडे टॉलिव्हरला निघाला होता आणि आमच्या शेताखालच्या सखल रस्त्यात दोन्ही ट्रक चिखलात रुतले. मुले उतरून ढकलू लागली तर बूट चिखलातच राहिले. आजोबा मक्याची गाडी घेऊन चालले होते. त्यांनी टिल्डीला गाडीतून सोडले, एकेक ट्रक बाहेर ओढला आणि परत गाडीला जुंपायला लागले. कोच म्हणाला, तुमचं काय द्यायचं? आजोबा म्हणाले, "मला सामना बघू द्या. पण हिला एकटीला सोडता येत नाही, ती भिंती खाते." म्हणून टिल्डीही नदीपलीकडे गेली आणि पूर्ण वेळ रेषेबाहेर उभी राहिली. त्याआधी कित्येक वर्षे आम्ही टॉलिव्हरला हरत होतो. त्या दिवशी जिंकलो. टॉलिव्हरचे लोक अजून म्हणतात की ट्रक रुतलेच नव्हते, ही ब्रॅनॉकवाल्यांनी नंतर रचलेली गोष्ट आहे. लिरॉयही तेच म्हणतो. मजा बघायला आलेल्या त्याच्या आजोबांचा एक बूट त्या चिखलातून निघाला होता असे माझे आजोबा सांगत, पण तो वाद येथे नको.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाने कागद करून दिला की हॅवरकॅम्प घराण्यातला कोणीही जोवर टिल्डीचा दोर धरील तोवर मैदानावर दुसरे जनावर किंवा सोंग फिरवले जाणार नाही. कागद चौकटीत घालून क्रीडा विभागाच्या जिन्यात लावलेला आहे. प्रेंटिस रोज त्याच्यासमोरून जातात. आजोबांनंतर दोर माझ्या वडिलांनी, गुस यांनी, धरला आणि एकसष्ट साली माझ्या हातात आला. माझ्यानंतर कोणी धरला नाही तर कागद आपोआप संपतो आणि फोमचे डोके आत येते. म्हणून या मृत्युपत्रातले खरे कलम पुढे आहे. घर, जमीन वगैरे लोकांना सवय असते म्हणून आधी लिहिले.

कलम ७. टिल्डीची तोंडावर बांधायची मोहरकी, पितळी पट्टीचा दोर, लोरीनने शिवलेली हिरवी झूल आणि खुद्द टिल्डी, हे सर्व माझा मुलगा ग्लेन अर्न्स्ट हॅवरकॅम्प, वय एक्कावन्न, सध्या मुख्य प्रशिक्षक, टॉलिव्हर कॉलेज, याला द्यावे, तो घेत असेल तर.

हे वाचून ब्रॅनॉकमध्ये काय बोलतील ते मला माहीत आहे. डॉरिसच्या कॅफेत सकाळी सहा वाजता जे टेबल भरते त्याने ग्लेनला कधी माफ केले नाही. "जांभळ्याला दोर देतोस?" असे ते मला विचारायला येतील, पण मी थडग्यात असेन, हा एक फायदा.

ग्लेनमध्ये आणि माझ्यात भांडण नाही. हे सगळ्यांनी नीट समजून घ्यावे. तो नाताळला येतो, लोरीनच्या थडग्यावर येतो, मका किती झाला विचारतो, मी सांगतो, त्याचे गुडघे कसे आहेत मी विचारतो, तो सांगतो. मग आम्ही खिडकीबाहेर बघतो. भांडण असते तर एकदा मिटले तरी असते.

तो काय होता हे सांगतो. ब्रॅनॉकच्या हिरव्या कपड्यात तो पळायला लागला की मी हातातला दोर विसरून उभा राहायचो. चेंडू त्याच्या मागून यायचा आणि तो न बघता हात पुढे करायचा, आणि चेंडू तिथेच उतरायचा. लोरीन उत्तरेच्या बाजूला वरच्या रांगेत बसायची, शेजारच्या जागेवर माझा कोट ठेवलेला, कारण दोर धरणारा कधी बसत नाही. ग्लेनने चेंडू पकडला की ती माझा कोट हवेत फेकायची. दोन कोट खाली कोणाच्या तरी चटणीत पडून वाया गेले. मी तिसरा घेतला तेव्हा दुकानदाराने विचारलेसुद्धा नाही. त्या दोन जागा मार्नीला द्याव्यात आणि माझा कोट तिथे ठेवावा.

आता कानाचे.

पहिल्या टिल्डीने टॉलिव्हरविरुद्धचा सामना जिंकून दिला त्या संध्याकाळी आमच्या संघाचा कप्तान, जो त्या वर्षी शिक्षण संपवून जाणार होता, तिच्या गळ्यात पडला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. काय ते कोणाला कळले नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी तेच केले. तेव्हापासून हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्यानंतर, दिवे अजून लागलेले असताना आणि लोक जागेवर उभे असताना, शेवटच्या वर्षाची मुले एकेक करून टिल्डीकडे येतात. हेल्मेट काखेत असते. कोणाच्या तोंडाला रक्त लागलेले असते. टिल्डी कान खाली करते. मुलगा बोलतो आणि निघून जातो, मागे न बघता. मोठमोठी माणसे मी त्या कानाशी रडताना पाहिली आहेत.

दोर धरणारा एका हाताच्या अंतरावर असतो. त्याला ऐकू येते. आजोबांनी यासाठी नियम घालून दिला होता: "मी तिथं उभा असतो, पण मी तिथं नसतो." कानात पडलेले कोणाला सांगायचे नाही. त्या मुलाला तर नाहीच. आणि त्यावरून काही करायचेही नाही. पोरगा म्हणाला घरी जेवायला नाही, तरी त्याच्या दारात पिठाची गोणी ठेवायची नाही, कारण मग त्याला कळते की आपले ऐकले गेले, आणि पुढच्या वर्षी कोणी कानाशी खरे बोलत नाही. एकच सूट आहे. दोर पुढच्या हातात देताना, जे एकट्याला पेलले नाही ते जुना धरणारा नव्याला सांगू शकतो. एकसष्ट साली तबेल्यात वडिलांनी मला एकच गोष्ट सांगितली, युद्धावर निघालेल्या एका मुलाची. सांगून झाल्यावर ते माझ्याकडे पाठ करून बराच वेळ खरारा करत राहिले. नाव मी येथे लिहीत नाही.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात ग्लेनची पाळी आली.

त्या आठवड्यात टॉलिव्हरने त्याला विचारले होते: आमच्याकडे या, पोरांना चेंडू पकडायला शिकवा, पगार देऊ. घरात हे सगळ्यांना माहीत होते. तो चौथ्या टिल्डीकडे आला. तिच्या मानेवर हात टाकला. इतर मुले पुटपुटतात. ग्लेन नीट बोलला, आईसारखा, स्पष्ट. तो काय बोलला ते मी लिहिणार नाही, लोरीनलाही सांगितले नाही. एवढेच लिहितो की त्यात एक प्रश्न होता, तो टिल्डीसाठी नव्हता, आणि त्याचे उत्तर एका शब्दाचे होते.

ते उत्तर माझ्या जिभेवर होते. पण मी तिथे नव्हतो.

रात्रीच्या जेवणाला लोरीनने रुबार्बचा पाय केला होता. मी वाट बघत होतो की ग्लेन टेबलाशी तेच परत विचारील, माझ्याकडे बघून, म्हणजे मला उत्तर देता येईल. शेवटी मीच तोंड उघडले.

"मग, टॉलिव्हरचं काय ठरवलंस?"

"अजून काही नाही. तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

आता माझ्या जागी बसून बघा. मी तो एक शब्द बोललो असतो, तर त्याचा प्रश्न मी कानाशी ऐकला होता हे त्याला कळले असते. मी विचार केला, आजोबांनी काय केले असते, वडिलांनी काय केले असते.

"तुझं आयुष्य आहे," मी म्हणालो. "तुझं तू ठरव. दोर ओला आहे, जाताना टांगून ठेव."

त्याने दोर टांगला. नाताळानंतर तो गेला.

लोरीन त्यानंतर माझ्याशी चांगलीच वागली, पण आजारपणात एकदा म्हणाली, "अर्विन, तू एकदा म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो, "मला कोणी विचारलं?" तिने डोळे मिटले. तिला वाटत होते मी दगड आहे, आणि तसे वाटत असतानाच ती गेली, याचे मला रोज वाईट वाटते.

एका वर्षाआड टॉलिव्हर आमच्याकडे खेळायला येते. एका वर्षाआड मी टिल्डीला घेऊन पाहुण्यांच्या बाकासमोर उभा राहतो आणि तिथे जांभळ्या कोटात माझा मुलगा असतो. मैदान ओरडत असते, शेपटीकडे बघत असते. मी टोपीला हात लावतो, तो टोपीला हात लावतो. पाचवी टिल्डी नवीन होती त्या वर्षी तिने मला ओढत त्याच्यापर्यंत नेले आणि त्याच्या कोटाच्या खिशात तोंड घातले. लोकांनी हसून हसून डोळे पुसले. कोणी बघितले नाही की खिशात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. प्रत्येक टिल्डीला आमच्या घरातून पेपरमिंट मिळते. तो इतकी वर्षे नदीपलीकडून खिशात पेपरमिंट घेऊन येत होता आणि अजून घेऊन येतो.

कलम ८. हे कलम मी मूळ मसुद्यात घातले नव्हते. मंगळवारी रूडीच्या कचेरीत घालावे लागले.

रूडीने वरचे वाचून चष्मा काढला. तो चष्मा पुसत राहिला, आणि एवढा मोठा माणूस चष्मा पुसू लागला की आता काहीतरी निघणार हे कळते.

"काका, एक विचारू? मी ब्याऐंशी साली टिल्डीच्या कानात काय बोललो होतो, आठवतं का?"

"मी तिथं नव्हतो."

"होतात. मला माहीत होतं तुम्ही होतात. आम्हा सगळ्यांना माहीत होतं." तो पुढे झुकला, टेबल करकरले. "खेचराला सांगायला कोण जातं, काका? आम्ही काय वेडे होतो? गावात एक माणूस असा आहे की जो ऐकेल आणि कधी बोलून दाखवणार नाही, त्याच्याशी बोलायला जायचो आम्ही. दुसऱ्या दिवशी मी डॉरिसकडे गेलो तर तुम्ही नेहमीसारखी मान हलवलीत. बास. तेवढ्यावर मी कायद्याचं शिक्षण काढलं."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"कानातलं तुमच्यापाशी काढायचं नाही, हा आमचाही नियम होता ना."

बाहेर शाळेचा बँड तालीम करत होता, ढोल चुकत होता.

"म्हणजे ग्लेनला ठाऊक होतं मी ऐकतोय," मी म्हणालो.

"ग्लेन तुमच्या घरात वाढला. त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

"आणि मग जेवताना त्यानं मला परत विचारलं."

"हो."

"आणि मी म्हणालो, दोर टांग."

रूडीने कोरा कागद पुढे ओढला. चांगला वकील आहे.

म्हणून लिहितो. नियम बरोबर होता, मी तो पाळला, आणि नियम पाळूनच माझा मुलगा गेला. तो समजून चालला की बापाने ऐकले आणि तरी राहा म्हटले नाही. मी समजून चाललो की त्याने मला विचारलेच नाही. या गावाबाहेर कोणाला हे सांगितले तर तो म्हणेल, एका खेचराच्या कानापायी? पण आम्ही येथे वाढलो आहोत, आम्हाला दुसऱ्या कानात बोलता येत नाही.

कलम ९. ग्लेनने दोर नाकारला तर टिल्डीला मार्नीच्या कुरणात मरेपर्यंत चरू द्यावे, विकू नये, तिच्यावर लहान मुले बसवू नयेत. जिन्यातला कागद प्रेंटिस यांनी उतरवावा. त्यांचे फोमचे खेचर चांगले वागो.

ग्लेन यंदाच्या हंगामानंतर टॉलिव्हर सोडतो आहे असे मार्नी म्हणते. गुडघे. पुढे काय करणार हे त्याने तिला सांगितले नाही. "तुम्ही विचारा की," असे ती मला म्हणाली.

कलम १०, आणि शेवटचे. वकिलांचे म्हणणे पडले की हे कागदावर ठेवून मरायची वाट कशाला बघायची, नदीपलीकडे फोन लागतो. फोनवर मला जमणार नाही. पण दोर जिवंतपणीही देता येतो, वडिलांनी मला दिला तसा, आणि दोर देताना बोलायची सूट आहे.

परवा शनिवारी टॉलिव्हर आमच्या मैदानावर आहे. फेरी मी मारीन. पाहुण्यांच्या बाकासमोर टिल्डी थांबेल, ती हल्ली स्वतःहूनच थांबते. मैदान शेपटीकडे बघत असेल. मी टोपीला हात लावणार नाही. दोर पुढे करीन. त्याने धरला, तर मला जे सांगायचे आहे ते मी तोंडाने सांगेन, आणि मग कलम ७ ते १० रद्द समजावीत, कारण द्यायचे काही उरणार नाही. त्यानंतर सामना कोणीही जिंको. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहिले आहे.

शनिवारपर्यंत मी उरलो नाही, किंवा माझा हात पुढे झाला नाही, तर रूडीने दोर स्वतः नदीपलीकडे नेऊन त्याच्या हातात द्यावा, आणि त्याच्या हातात असतानाच हे वाचून दाखवावे:

ग्लेन, सत्त्याऐंशी साली चौथ्या टिल्डीजवळ तू जे विचारलेस, ते मी ऐकले होते. मी तिथेच होतो. उत्तर तेव्हाही हेच होते.

राहा.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, रूडीने माझ्यासमोर मोठ्याने वाचले, आणि आमच्या तबेल्यात, टिल्डी बांधलेली असताना, खालील दोघांच्या समक्ष मी सही केली आहे. दोघांनी माझ्या समक्ष आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या आहेत.

सही: अर्विन गुस्ताव हॅवरकॅम्प

साक्षीदार १: डॉरिस पिकेट, कॅफे चालवणे, राहणार ब्रॅनॉक. सही केली. सकाळच्या टेबलाला मी बघून घेईन.

साक्षीदार २: लिरॉय मीक्स, शेती, राहणार शेजारी. सही केली. तार ताणायचे यंत्र आजच आणून दिले. ट्रक रुतले होते असे माझे आजोबाही घरात सांगायचे.

ठिकाण: हॅवरकॅम्प यांचा तबेला, नदीकाठचा रस्ता, ब्रॅनॉक, मिसुरी
दिनांक: गुरुवार, तेरा ऑक्टोबर दोन हजार सोळा

मागाहून जोडलेली नोंद, मृत्युपत्र अमलात आणणार यांच्या हातची: सोमवार, सतरा ऑक्टोबर. मृत्युपत्र करणार यांच्या तोंडी सांगण्यावरून व त्यांच्या समक्ष कलम ७ ते १० रद्द करण्यात येत आहेत. नवा मसुदा करावयाचा आहे. या पानावर सही करायला काका स्वतः आले होते, गाडी ग्लेन चालवत होता. सामना आपण हरलो.

रूडी स्टालमन, वकील